कोपर मोडलं? बोटांकडे बघा

मुलं पडणारच. गुडघे फुटतील, कपाळाला टेंगूळ येईल, खपली धरेल, ती निघायच्या आत पुन्हा पडतील. दोन-तीन मुलं वाढवलेल्या आईला याचं काही वाटेनासं होतं. एखाद्याचं मनगट मोडलं तरी प्लॅस्टरवर मित्रांच्या सह्या घेऊन तो महिन्या-दीड महिन्यात पुन्हा अंगणात हजर! लहान वयात हाड लवकर जुळतं, आणि जरा वाकडं जुळलं तरी वाढीबरोबर पुष्कळदा सरळ होतं. म्हणूनच "लहान मुलाचं हाड आहे, जुळेल आपोआप" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बहुतेक हाडांच्या बाबतीत ते खरंही आहे.

कोपराच्या बाबतीत ते खरं नाही. आणि नेमकं कोपराच्याच वेळी घरात मतं फार असतात. डॉक्टरांनी "ऑपरेशन करून तारा घालाव्या लागतील" असं सांगितलं की आजीच्या पोटात गोळा येतो. एवढ्याशा हाताला तारा? कुणीतरी काका अमक्या गावच्या हाडवैद्याचं नाव सुचवतात. शेजारीण म्हणते, "आमच्या बंड्याचं तर नुसत्या पट्टीनं बरं झालं." या सगळ्या गलक्यात निर्णय बहुधा आईवर येतो, आणि पुढे काही बिघडलं तर बोलही तिलाच. तेव्हा ही तार म्हणजे काय, ती का घालतात, आणि तिच्याहून कितीतरी जास्त भीती कशाची बाळगायची, हे वेळ येण्याआधीच माहीत असलेलं बरं.

कोपर मोडतं कसं

मूल झाडावरून, गच्चीच्या कठड्यावरून, बागेतल्या लोखंडी शिडीवरून किंवा घरातल्या दिवाणावरून पडताना आपसूक हात पुढे करतं. तळहात जमिनीवर टेकतो, कोपर ताठ असतं, आणि सगळा भार वर दंडाच्या हाडावर येतो. आपल्या दंडाचं हाड वर काठीसारखं गोल असतं, पण कोपराशी येताना ते उलथन्याच्या पात्यासारखं चपटं होत जातं. त्या चपट्या भागाला पुढून एक आणि मागून एक असे खळगे असतात, आणि दोन खळग्यांच्या मधलं हाड पापडासारखं पातळ. कोपर सरळ केलं की हाताच्या मागच्या हाडाचं टोक मागच्या खळग्यात जाऊन बसतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांचे सांधे तर असे लवचीक, की कोपर सरळ होऊन थोडं मागेच वळतं! त्या वयात पडल्यावर ते टोक खळग्यात पहारीसारखं रुततं आणि पातळ हाड कटकन मोडतं.

डॉक्टर कागदावर लिहितात ते 'सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर' हेच. मुलांच्या कोपराच्या अस्थिभंगांपैकी निम्म्याहून अधिक या जातीचे असतात. त्यातही खालचा तुकडा मागे सरकतो असेच जवळजवळ सगळे, आणि डावं कोपर उजव्यापेक्षा जास्त वेळा मोडतं.

आता खालचा तुकडा मागे गेला म्हणजे वरच्या हाडाचं धारदार टोक पुढे येणार. आणि कोपराच्या पुढच्या अंगाला काय आहे? सबंध हाताला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी, आणि तिच्या सोबतीनं जाणारा मज्जातंतू. मनगट मोडणं आणि कोपर मोडणं यांतला फरक हा असा आहे. कोपराशी हाडाची काळजी दुसऱ्या नंबरची. पहिली काळजी त्या हाडावरून खाली बोटांकडे जाणाऱ्या रक्ताची.

परीकथा लिहिणारा सर्जन

रिचर्ड फोन फोल्कमान नावाचे एक जर्मन शल्यविशारद एकोणिसाव्या शतकात हाले या गावी होते. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात ते सैन्याबरोबर गेले आणि तिथल्या वास्तव्यात त्यांनी चक्क परीकथा लिहिल्या. 'रिचर्ड लिआंडर' या टोपणनावानं १८७१ साली त्या प्रसिद्ध झाल्या आणि जर्मन घरांतून पुढे कित्येक वर्षं मुलांना वाचून दाखवल्या गेल्या. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र त्यांचं नाव एका भयंकर गोष्टीशी जोडलेलं आहे. १८८१ साली त्यांनी लिहिलं की हाताला फार घट्ट पट्टी बांधली की स्नायूंचं रक्त तुटतं, स्नायू मरतात, आखडतात, आणि बोटं कायमची आत वळून पक्ष्याच्या पंजासारखी होतात. त्या विकृतीला आजही त्यांचंच नाव आहे.

दीडशे वर्षं होत आली, पण असा हात अजून पाहायला मिळतो. मोडलेलं कोपर सुजतं. सूज म्हणजे आतला दाब. त्यावर वेळूच्या कांब्या लावून, लेप चोपडून, करकचून कापड आवळलं की सूज बाहेर फुगू शकत नाही, मग ती आतच दाबत जाते. मूल रात्रभर रडतं. "हाड बसतंय, दुखणारच" म्हणून त्याला थोपटून निजवतात. दुसऱ्या दिवशी रडणं थांबतं आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. त्या थांबण्याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की आता दुखवून घ्यायलाही आत काही जिवंत उरलेलं नाही.

हाडवैद्यांची टिंगल करायची म्हणून मी हे लिहीत नाही. गावात दुसरं कुणीच नव्हतं तेव्हा त्यांनी लोकांचे मुरगळलेले पाय चालते केले, पैसेही फारसे घेतले नाहीत. पण लहान मुलाचं कोपर ही चाचपून बघायची जागाच नव्हे. आणि हेही सांगायला हवं, की घट्ट पट्टी दवाखान्यातही बांधली जाऊ शकते. भरगच्च सुजलेल्या हाताला सगळीकडून बंद प्लॅस्टर घातलं तर तेही तितकंच वाईट. म्हणून पहिल्या दिवसांत जाणते डॉक्टर अर्धंच प्लॅस्टर, म्हणजे स्लॅब, लावतात आणि वरून सैल पट्टी गुंडाळतात.

घरातून निघण्यापूर्वी

मूल पडलं, कोपर सुजलं, हात धरून रडतंय. अशा वेळी हात ओढून 'बसवायचा' नाही, सरळ करायचा नाही, चोळायचा नाही. ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत खालून आधार द्यावा. घडी घातलेलं वर्तमानपत्र, पुठ्ठा, नाहीतर हाच अंक हाताखाली धरून ओढणीनं अलगद बांधला तरी चालतो. गाठ सैल ठेवावी. मनगटातलं कडं, बांगडी, घड्याळ, देवाचा दोरा, बोटातली अंगठी लगेच काढावी. सूज चढल्यावर दोरासुद्धा फासासारखा रुततो. दोरा कापताना मनाला चुटपुट लागते खरी, पण देवाला ते कळतं. हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं असेल किंवा जखम असेल तर स्वच्छ कापड ठेवावं. त्यावर हळद, चहापूड काहीही टाकू नये.

आणि खायला-प्यायला काही देऊ नये. इथे आईचं मन आड येतं. मूल घाबरलंय, घशाला कोरड पडलीय, म्हणून आपण पटकन दूध-बिस्किट देतो. पण भूल द्यायची असेल तर पोट रिकामं लागतं. पोटात अन्न असेल तर ते उलटून श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून भूलतज्ज्ञ साधारण सहा तास थांबायला सांगतात. त्या एका कपापायी ऑपरेशन लांबतं. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवून निघावं. हा प्रश्न नक्की विचारतात.

वाटेत एक खेळ खेळता येतो. हल्लीची मुलं 'स्टोन-पेपर-सीझर' खेळतात ना? तोच. दुखऱ्या हाताच्या बोटांनी (कोपर न हलवता) मूठ मिटायला सांगा, बोटं ताठ उघडायला सांगा, दोन बोटांची कात्री करायला सांगा, आणि शेवटी अंगठा व पहिल्या बोटाची टोकं जुळवून गोल वाटोळं करायला सांगा. गंमत वाटेल, पण हाताकडे जाणारे तिन्ही मुख्य मज्जातंतू यात तपासून होतात. परदेशांतले डॉक्टर मुलांना हाच खेळ खेळायला लावतात. सर्वांत जास्त वेळा दुखावते ती शेवटच्या वाटोळ्याची बारीक शाखा. ती दुखावली तरी कुठे बधिरता येत नाही, त्यामुळे मुद्दाम बघितल्याशिवाय कळतच नाही. वाटोळ्याऐवजी चपटी चिमूट होत असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं, आणि ते ऑपरेशनच्या आधी सांगावं. नाहीतर नंतर 'ऑपरेशननं बोट गेलं' असा वृथा संशय मनात राहतो. असा दुखावलेला मज्जातंतू बहुतेक मुलांत काही आठवड्यांत किंवा तीन-चार महिन्यांत आपणहून बरा होतो. धीर धरावा लागतो एवढंच.

फोटोत दिसत नाही ते

एक्स-रे पाहून आया गोंधळतात, कारण लहान मुलाच्या कोपरात हाडाचे सुटे-सुटे तुकडे दिसतात. ते सगळे मोडलेले नसतात! जन्मतः कोपराची टोकं कूर्चेची असतात, आणि कूर्चा फोटोत उमटत नाही. वर्षाच्या सुमारास एक ठिपका हाडाचा होतो, मग साधारण तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी एकेक. मुलींचं हे थोडं आधी होतं. त्यामुळे कुठला तुकडा वयाप्रमाणे आहे आणि कुठला मोडून निघालाय हे ओळखायला सराव लागतो. कधी कधी डॉक्टर दुसऱ्या, चांगल्या कोपराचाही फोटो काढायला सांगतात. त्यांना बिल वाढवायचंय असं समजू नये.

तारा का?

१९५९ साली अमेरिकेतल्या गार्टलँड या डॉक्टरांनी या अस्थिभंगाचे तीन प्रकार पाडले आणि आजही जगभर तेच वापरतात. पहिल्यात हाडाला नुसती चीर असते, तुकडे जागेवर असतात. त्याला स्लॅब घालून तीनेक आठवडे हात गळ्यात ठेवला की झालं. तिसऱ्यात तुकडे एकमेकांपासून साफ सुटलेले असतात. दुसरा या दोहोंच्या मधला: पुढे फट पडलीय, पण मागची बाजू कोवळ्या फांदीसारखी अजून धरून आहे. दुसऱ्या प्रकाराला तारा घालाव्यात की नाही, हे हाड किती वाकलंय त्यावर ठरतं. तिसऱ्याला त्या लागतातच म्हणा ना.

"आमच्या वेळी नुसत्या प्लॅस्टरनं बरं व्हायचं" असं जुनी माणसं म्हणतात. व्हायचं, पण कसं? सुटलेला तुकडा प्लॅस्टरमध्ये जागेवर राहावा म्हणून कोपर काटकोनापेक्षाही जास्त, अगदी मुडपून ठेवावं लागायचं. आणि सुजलेलं कोपर जितकं मुडपावं तितकी पुढची रक्तवाहिनी दबणार. कोपर जरा सैल सोडलं की रक्त वाहतं पण हाड घसरतं; पुन्हा मुडपलं की हाड राहतं पण रक्त तुटतं. दुसरा उपाय म्हणजे हाताला वजन लावून मुलाला दोन-तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवायचं. सहा वर्षांच्या मुलाला असं निजवून ठेवणं म्हणजे काय, ते आईनंच जाणावं!

तारांनी हा पेच सोडवला. हाड आतून धरलेलं असलं की कोपर मुडपायची गरजच उरत नाही. ते काटकोनाहून सैल ठेवता येतं आणि रक्ताची वाट मोकळी राहते. तार घालतात ती हाड 'मजबूत' करायला असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ती कोपर उघडं ठेवता यावं म्हणून असते. ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगितली की निम्मा विरोध मावळतो, असा अनुभव आहे.

ही काही कालची टूमही नाही. किर्शनेर या जर्मन सर्जनांनी हाडात घालायच्या बारीक तारा १९०९ साली आणल्या. डॉक्टर त्यांना 'के-वायर' म्हणतात त्या याच. मुलांच्या या अस्थिभंगासाठी कातडीतूनच तारा घालण्याची रीत अमेरिकेत स्वेन्सन यांनी १९४८ मध्ये लिहून ठेवली, आणि १९७४ मध्ये फ्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला सोळा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केल्यावर ती सगळीकडे रुजली.

ऑपरेशनच्या खोलीत

मुलाला पूर्ण भूल देतात. झोपलेल्या मुलाचा हात हळूहळू ताणून, सरकलेला तुकडा अंगठ्यानं पुढे लोटून हाड जागेवर आणतात, आणि ते जुळलं की नाही हे 'सी-आर्म' नावाच्या यंत्राच्या पडद्यावर तिथल्या तिथे बघतात. मग बाहेरच्या अंगानं, कातडीतूनच, दोन किंवा तीन पोलादी तारा तिरप्या घालतात. जाडी दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे गोधडी शिवायच्या दाभणाएवढी. तारांची टोकं वाकवून कातडीबाहेरच ठेवतात, वर पट्टी आणि स्लॅब. सरळ पार पडलं तर चिरफाड नाही, टाके नाहीत. वाढीच्या कूर्चेतून तार गेली तर हाताची वाढ खुंटेल का, असं विचारतात. तार बारीक आणि गुळगुळीत असल्यानं तसं सहसा होत नाही.

कोपराच्या आतल्या अंगाला तो मज्जातंतू असतो, जो दाराला आपटला की आपल्याला करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. आतल्या बाजूनं तार घातली तर त्याला धक्का लागू शकतो, म्हणून पुष्कळ सर्जन सगळ्या तारा बाहेरूनच घालणं पसंत करतात. कधी मात्र हाडाची ठेवणच अशी मोडलेली असते की आतूनही तार घालावीच लागते. तो निर्णय त्यांचा. आपण वाद घालू नये.

उघडून ऑपरेशन करावं लागतं ते थोड्या मुलांत. दोन तुकड्यांच्या मध्ये मांस अडकून बसलंय, हाड बाहेरून जुळतच नाही, जखम आहे, किंवा रक्तवाहिनीच तपासायची आहे, अशा वेळी.

आणि वेळ? हात पांढरा, गार पडला असेल तर मध्यरात्रीसुद्धा क्षणभर थांबायचं नाही. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याला, जिल्ह्याला नसेल तर पुण्या-मुंबईला, पण निघायचं. हात गुलाबी, ऊबदार आणि बोटं हलती असतील तर स्लॅब लावून सकाळी, सगळी माणसं हाताशी असताना ऑपरेशन करणं चालतं. "रात्रभर नुसतं ठेवलं" म्हणून अशा वेळी डॉक्टरांवर रागावण्याचं कारण नाही.

जागरणाची रात्र

आता खरं आईचं काम. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर घरी गेले, वडील डबा आणायला गेले. पहिले दोन दिवस धोका टळलेला नसतो. हात उशीवर उंच ठेवावा. बोटं उघडी असावीत. दर तासाला बघावं: गुलाबी आहेत ना, गरम आहेत ना? नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा लाली येते ना?

पण रंगापेक्षाही जास्त लक्ष मुलाच्या रडण्याकडे द्यावं. हाड नीट बसवल्यावर दुखणं तासातासानं कमी व्हायला हवं. ते उलट वाढत असेल, मूल तळमळत असेल, दर थोड्या वेळानं दुखण्याचं औषध मागत असेल, आणि आपण त्याची बोटं अलगद सरळ करायला गेलो की किंचाळत असेल, तर ही धोक्याची खूण आहे. रंग आणि नाडी त्या वेळी ठीक दिसू शकतात; त्यावर विसंबू नये. स्नायूंचं रक्त तुटल्यावर आपल्या हाती काही तासच असतात. सिस्टरना उठवावं, डॉक्टरांना बोलवायला लावावं, पट्टी थेट कातडीपर्यंत सैल करून बघायला सांगावं. गरज पडली तर आतला दाब मोकळा करण्यासाठी कातडी उघडणारं छोटं ऑपरेशन करतात. वेळेवर झालं तर हात वाचतो.

आपण बायका इथेच मागे पडतो. वॉर्डातल्या दुसऱ्या मुलांची झोपमोड होईल, सिस्टर चिडतील, "तुमचाच एक आहे का?" असं कुणी म्हणेल, म्हणून आपण मुलालाच "उगी उगी" करत बसतो. त्या रात्री भिडस्तपणा करू नये. चारदा बोलावलं आणि चारही वेळा काही निघालं नाही, तरी कुणाचं काही गेलेलं नाही. डॉक्टर स्वतःच सांगतील की अशी आई त्यांना हवी असते. घरी सोडल्यावरही पहिला-दुसरा दिवस हेच सगळं लागू, आणि शंका आली तर सकाळची वाट न बघता परत जायचं.

चार आठवडे

बाकीचे दिवस मूल कंटाळतं आणि आपण थकतो, बस्स. पुढून उघडणारा सदरा घ्यावा, त्या बाजूच्या बाहीची शिवण काखेपर्यंत उसवून बंद लावावेत. आंघोळ अंग पुसून. आत खाज सुटते. विणायची सुई किंवा फुटपट्टी आत घालू द्यायची नाही. पट्टीतून घाण वास, पू, पाणी, किंवा मुलाला ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

तीन-चार आठवड्यांनी तारा काढतात, बहुधा बाह्यरुग्ण विभागातच, भुलेशिवाय. पक्कड बघून मुलं भोकाड पसरतात, पण काम क्षणाचं असतं. आदल्या रात्री "उद्या डॉक्टर तारा उपटणार हं" असं दादा-ताईंनी चिडवू नये याची व्यवस्था करावी.

तारा निघाल्यावर कोपर ताठ असतं आणि इथे दुसरी मोठी चूक घडते. घरात तेलाची वाटी येते. कुणी चोळून देतो, कुणी धरून सरळ करतो, कुणी हातात पाण्याची बादली देऊन "उचल, म्हणजे सुटेल" म्हणतो. कोपराला जबरदस्ती मुळीच सोसत नाही. चोळल्या-ओढल्यानं आत सूज येते, आणि कधी कधी स्नायूत चक्क नवं हाड धरून सांधा कायमचा अडकतो. मुलांना बहुधा व्यायामाची यादीसुद्धा लागत नाही. त्या हातानं जेवू द्यावं, शर्टाची बटणं लावू द्यावीत, केसांतून फणी फिरवू द्यावी, चेंडू फेकू द्यावा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत हालचाल बरीचशी परत येते, उरलीसुरली पुढे सावकाश.

वाकडं कोपर आणि मुकं कोपर

हाड नीट न बसवता जुळलं तर कोपर आतल्या बाजूला वाकतं, बंदुकीच्या दस्त्यासारखं दिसतं. पुष्कळांना वाटतं हे वाढीनं झालं. तसं नसतं, ते पहिल्याच दिवशी वाकडं बसलेलं असतं आणि सूज उतरून हात सरळ झाल्यावर दिसतं. दंडाची लांबी वाढते ती मुख्यतः खांद्याकडून. कोपराकडच्या टोकाचा वाटा जेमतेम पंचमांश, म्हणून मनगटासारखं हे वाकडेपण वाढीत भरून येत नाही. अशा हातानं काम सहसा सगळं करता येतं, अडचण दिसण्याचीच. मुलगी असेल तर नातेवाईक लगेच लग्नापर्यंत पोहोचतात! त्यांना पोहोचू द्यावं. पुढे हाड कापून सरळ करण्याचं ऑपरेशन करता येतं. करायचं की नाही हे मुलीच्या स्वतःच्या मनावर सोडायला हरकत नाही.

दुसरं एक कोपर आहे, त्याला मी मुकं म्हणते. दंडाच्या हाडाचा बाहेरचा कोपरा तुटतो, 'लॅटरल काँडाइल' म्हणतात. मुलांच्या कोपरात दुसऱ्या क्रमांकानं आढळणारा अस्थिभंग हा. सूज थोडी, मूल हात थोडा हलवतंही, आणि तुकडा बहुतांशी कूर्चेचा असल्यानं फोटोत फक्त नखाएवढी कपची दिसते. म्हणून "लचकलंय" म्हणून सोडून देतात. हा तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर तारांनी किंवा स्क्रूनं बसवावा लागतो, पुष्कळदा उघडून. नाही बसवला तर तो जुळतच नाही. कोपर वर्षागणिक बाहेर झुकतं, आणि पंधरा-वीस वर्षांनी, मूल संसाराला लागल्यावर, करंगळी बधिर होऊ लागते. कारण झिणझिण्यांचा तो मज्जातंतू इतकी वर्षं ताणला जात असतो. तुकडा पहिल्या फोटोत जागेवर असला तरी आठवड्यानं पुन्हा फोटो काढायला बोलावतात तो यासाठीच. मूल हसतंय-खेळतंय म्हणून ती खेप चुकवू नये.

खर्चाचं म्हणाल तर दाखल होतानाच विचारावं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते त्याच्याकडून आधी समजून घ्यावं, आणि निघताना रेशनकार्ड व आधारकार्ड पिशवीत टाकावं. ऑपरेशन झाल्यावर विचारलं तर फार उशीर झालेला असू शकतो. घरी येताना एक्स-रेच्या फिल्म आणि डिस्चार्जचा कागद मागून घ्यावा, आणि मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवून द्यावा.